अहवाल अडतो कोठें?

“सर्व्हर हळू चालला आहे, उद्यां या,” हें वाक्य हल्लीं ज्याच्या कानांवरून गेलें नाहीं असा मनुष्य विरळाच. शहरांत तें ऐकून आपण थोडे चडफडतों आणि घरीं परततों. परंतु वाशीम जिल्ह्याच्या मालेगांव तालुक्यांतील किन्हीराजासारख्या गांवीं या वाक्याची किंमत मोठी आहे. पेरणी तोंडावर आलेली असते आणि पीककर्जासाठीं सातबारा हवा असतो. किंवा जुलै सरत आलेला असतो आणि पीकविम्याची मुदत संपत चाललेली असते. अशा वेळीं सेवा केंद्रावरून रिकाम्या हातांनीं परतणाऱ्या शेतकऱ्याची दिवसाची मजुरी तर बुडतेच, प्रसंगीं हंगामाचा विमाही हुकतो. म्हणून हा उशीर होतो कोठें व त्याचें मूळ कसें शोधावें, याचा आज थोडा विचार करूं.

महाराष्ट्रांत सातबाऱ्याचे उतारे सुमारें अडीच कोटी आहेत. पूर्वीं ते तलाठ्याच्या दप्तरांत बांधलेले असत. आतां ते संगणकाच्या दप्तरांत, म्हणजे डेटाबेसमध्यें, आहेत, आणि २०१८ सालच्या महाराष्ट्रदिनापासून डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या मिळूं लागला. अशा कोणत्याही मोठ्या दप्तरावरून मागविलेला अहवाल तीन टप्पे ओलांडून आपल्यापुढें येतो. पहिला टप्पा डेटाबेस. दुसरा वेब सर्व्हर. हा जणूं कचेरीच्या खिडकीवरचा कारकून. आपली मागणी तो आंत नेतो आणि मिळालेलें उत्तर पानावर मांडून बाहेर देतो. तिसरा टप्पा म्हणजे मधली इंटरनेटची वाट व आपला स्वतःचा संगणक.

या तिहींपैकीं कोठें किती वेळ गेला हें मोजल्यावांचून उपाय करणें म्हणजे नाडी न पाहतां काढा देणें होय. मोजण्याची रीत अवघड नाहीं. प्रथम त्याच सर्व्हरवरील एखादें साधें, नुसत्या मजकुराचें पान उघडून पहावें. तेंही रखडलें तर दोष बहुधा वाटेंत किंवा खिडकीवरच्या गर्दींत आहे. तें झटकन् उघडलें व अहवाल तेवढा अडला, तर जाणत्यानें तोच प्रश्न कारकुनाला मधें न घेतां थेट डेटाबेसला विचारावा आणि घड्याळ लावावें. मात्र एक सावधगिरी बाळगावी. एकदां वाचलेलीं पानें यंत्राच्या स्मरणांत कांहीं काळ ताजीं राहतात. त्यामुळें दुसऱ्यांदा तोच प्रश्न लवकर सुटतो, आणि दोष नाहींसा झाला असा भास होतो.

थेट विचारलेला प्रश्न लवकर सुटला, तर दोष कारकुनाच्या कामाच्या पद्धतींत शोधावा. समजा, एका गांवाचे १२०० खातेदार आहेत. कारकून आधीं नांवांची यादी आणतो, मग प्रत्येक नांवासाठीं निराळी खेप घालून त्याचें पीक विचारून येतो. एका खेपेस सेकंदाचा पन्नासावा भागच लागतो. तरी १२०० खेपांचे २४ सेकंद होतात! सर्व नांवांची पिकें एकाच खेपेंत विचारलीं कीं हा वेळ वांचतो. पुष्कळ अहवालांचें दुखणें एवढेंच असतें.

प्रश्न डेटाबेसमध्येंच अडत असेल, तर बहुधा सूचीचा अभाव असतो. ‘किन्हीराजा येथील सोयाबीनचा पेरा सांगा’ असें विचारलें, आणि गांवाप्रमाणें लावलेली सूची नसली, तर यंत्राला कोट्यवधि नोंदी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. रुडॉल्फ बायर व एडवर्ड मॅकक्राइट या संशोधकांनीं १९७२ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ‘बी-ट्री’ नामक रचनेनें हा प्रश्न सोडविला. सूचीच्या प्रत्येक पानावर २०० वाटा फुटतात असें धरलें, तर चार पानें उलगडतांच १६० कोटि नोंदींतून हवी ती सांपडते. आपला प्रश्न डेटाबेस कसा सोडविणार आहे, सूचीवरून कीं सारें दप्तर चाळून, हें त्यालाच विचारतां येतें. बहुतेक डेटाबेसमध्यें प्रश्नाच्या आधीं ‘एक्सप्लेन’ हा शब्द घातला कीं तो आपला बेत सांगतो.

सूची असूनही ती कामीं येत नाहीं, असेंही घडतें. शब्दकोशांत ‘क’नें आरंभ होणारे शब्द क्षणांत सांपडतात, पण ‘क’नें शेवट होणारे शोधावयाचे तर सारा कोश चाळावा लागेल. ज्यांच्या नांवांत कोठेंही ‘राव’ हीं अक्षरें आहेत असे सर्व खातेदार मागितले, कीं डेटाबेसची तीच गत होते. येथें यंत्र न बदलतां प्रश्न बदलावा. त्याचप्रमाणें दिसेल त्या रकान्याची सूची करूं नये. प्रत्येक नव्या नोंदीबरोबर त्या साऱ्या सूच्याही दुरुस्त कराव्या लागतात, आणि मग वाचन लवकर झालें तरी नोंद करणें मंदावतें.

दुपारीं रखडणारा अहवाल रात्रीं सुरळीत निघत असेल, तर कारण गर्दीचें आहे. एकाची नोंद पुरी होईपर्यंत दुसऱ्याला थांबावें लागतें. अशा वेळीं मोठे अहवाल रात्रींच तयार करून ठेवावे, किंवा अहवालांसाठीं दप्तराची निराळी प्रत ठेवावी.

मोठें यंत्र विकत घेणें हा शेवटचा उपाय होय. दुप्पट वेगाच्या यंत्रानें चार मिनिटांचीं फार तर दोन मिनिटें होतील. योग्य सूचीनें तेंच काम अनेकदां डोळ्याचें पातें लवतें न लवतें तों होतें. म्हणून ‘सर्व्हर हळू आहे’ एवढ्या उत्तरावर कोणत्याही कचेरीनें समाधान मानूं नये. कोणत्या टप्प्यावर किती सेकंद गेले याची नोंद रोज ठेवावी आणि ती हंगामाच्या आधीं तपासावी. कारण शेतकऱ्याची मुदत यंत्रासाठीं थांबत नाहीं.