शाळेच्या अंड्यांसाठी कोंबड्या दान करायच्या आहेत? आधी हा हिशेब वाचा



मागच्या पंधरवड्यात होटगीच्या तीन-चार सभासदांनी एकच गोष्ट विचारली. शाळेतल्या पोरांना अंडी मिळावीत म्हणून कंपनीनं गावात एक छोटी धर्मादाय पोल्ट्री काढावी का? वार्षिक सभा जवळ आली आहे, तिथं हा विषय निघणारच. सभेत नुसता हात वर करण्याआधी सगळ्यांनी हे वाचावं म्हणून आजचा मेसेज नेहमीपेक्षा मोठा आहे. चहा घेऊन बसा.

विषय कुठून आला ते बघू. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारनं शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं. ज्यांच्या घरी अंडं चालत नाही त्यांना केळं किंवा दुसरं फळ. जानेवारी २०२५ मध्ये नवा निर्णय आला. अंड्यासाठी वेगळा निधी मिळणार नाही, द्यायचं असेल तर शाळेनं लोकसहभागातून द्यावं. लोकसहभाग म्हणजे तुम्ही-आम्हीच.

*कंपनीचे पैसे किती वापरता येतात?*
फार नाहीत. आपली उत्पादक कंपनी आहे, ट्रस्ट नाही. कंपनी कायद्याच्या कलम ३७८ झेडएच प्रमाणं मागच्या वर्षीच्या निव्वळ नफ्याच्या जास्तीत जास्त ३ टक्के रक्कम समाजाच्या कामाला देणगी म्हणून देता येते, तीही सभेत विशेष ठराव करून. समजा २ लाख नफा झाला, तर ६,००० रुपये. त्यात पोल्ट्री उभी राहत नाही. बाकी सगळं सभासदांच्या खिशातून किंवा कणगीतून यावं लागेल. हे आधीच कळलेलं बरं, नंतर भांडण नको.

*एकच शेड बांधून ५० कोंबड्या ठेवल्या तर?*
बहुतेकांच्या डोक्यात हेच चित्र आहे. शाळेमागं शेड, दात्याच्या नावाची पाटी, फोटो. आता खर्च बघा. कोंडून ठेवलेली अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते. ५० कोंबड्यांना रोज साडेपाच किलो, महिन्याला १६५ किलो. किलोला ३५ रुपये धरले तरी ५,७७५ रुपये. शंभरातल्या ५५ कोंबड्या रोज अंडं देतात असं धरलं तर आठवड्याला १९० च्या आसपास अंडी. त्यातली ९० शाळेला फुकट दिली की विकायला १०० उरतात. ८ रुपये दरानं महिन्याला ३,४०० ते ३,५०० रुपये. म्हणजे दर महिन्याला सव्वादोन हजारांचा खड्डा, आणि राखणदाराचा पगार, औषध, लाईट यात धरलेलंच नाही. पहिले चार महिने लोक उत्साहानं भरतील. पुढं? सगळ्यांची कोंबडी ती कुणाचीच नसते. रविवारी पाणी कुणी घालायचं यावरूनच शेड बंद पडतं.

*मग काय करावं?*
आमचं मत स्पष्ट आहे. शेड नको, कोंबड्या घरात द्या. गावातली ९ गरजू घरं निवडा. एकटी बाई, भूमिहीन, पण घराला थोडं अंगण असलेली. प्रत्येकीला १० कोंबड्या. परसात फिरून किडे, सांडलेलं धान्य, पालापाचोळा खाणाऱ्या कोंबडीला वरून ५० ग्रॅम दिलं तरी भागतं. घरी खरकटं असतं, लक्ष असतं, आणि रात्री कोंबडी ओरडली तर उठणारं माणूस असतं.

परसातली सुधारित कोंबडी वर्षाला १६० ते १८० अंडी देते. दहा कोंबड्यांची आठवड्याला ३० च्या वर अंडी झाली. त्यातली १० शाळेला, उरलेली तिची. ९ घरं, ९० अंडी, ९० पोरं. तुमच्या शाळेचा पट वेगळा असेल तर घरं कमी-जास्त करा.

इथं एक वाद होईल, होऊ द्या. गरीब बाईकडून फुकट अंडी घ्यायची म्हणजे दान नक्की कुणाचं? २० अंड्यांचे आठवड्याला १६० रुपये, महिन्याला ७०० च्या आत. त्यातून १५ किलो धान्याचे साडेचारशे गेले की तिच्या हातात अडीचशेसुद्धा राहत नाहीत. म्हणून आम्ही म्हणतो, शाळेची १० अंडी तिच्याकडून ८ रुपयांनी *विकत* घ्या. शाळेचे ४० आठवडे धरले तर सगळ्या घरांचे मिळून २८,८०० रुपये होतात. ३०० सभासदांनी वर्षाला १०० रुपये दिले की झालं. एका शंभराच्या नोटेत पोराला अंडं आणि बाईला महिन्याला साडेतीनशे रुपये जादा.

बाईनं परतफेड करायचीच असेल तर ती कोंबडीतच करावी. आपल्याकडं शेळी अर्धलीनं देतात, तीच रीत. दुसऱ्या वर्षी तिनं १० तलंगा पुढच्या घराला द्यायच्या. पिल्लं विकत आणून वाढवली तरी चालेल. अमेरिकेत डॅन वेस्ट नावाच्या शेतकऱ्यानं १९४४ साली अशाच पद्धतीनं गरीब कुटुंबांना कालवडी द्यायला सुरुवात केली. अट एकच, पहिली कालवड शेजाऱ्याला. ते काम आजही अनेक देशांत चालू आहे. आपल्या आजोबांना ही रीत कुणी शिकवायची गरज नव्हती म्हणा.

*पिल्लं कुठली आणि कधी?*
ग्रामप्रिया अंड्याला चांगली. वनराजा जरा जड, मांसालाही चालते. दोन्ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या जाती. बाजारात रिक्षातून विकतात ती गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं मात्र अजिबात नकोत. ते बहुधा अंड्यावरच्या जातीचे नर असतात, लसही नसते. अंडं कुठून देणार?

एक दिवसाची पिल्लं बहुधा नर-मादी मिसळ येतात. म्हणून ९० कोंबड्यांसाठी २०० पिल्लं मागवा. १६ मरतील असं धरा, राहतील १८४, त्यातल्या निम्म्या माद्या. बाकी कोंबडे दहा आठवड्यांनी विकायचे. अंड्याला कोंबडा लागत नाही, ही शंका दरवेळी कुणीतरी विचारतंच.

वेळ महत्त्वाची. जानेवारीच्या १० तारखेच्या आसपास पिल्लं आणली तर मार्चच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घरोघर देता येतील, आणि जूनमध्ये शाळा उघडते त्या सुमाराला पहिली अंडी सुरू होतील. काही कोंबड्या जुलैपर्यंत वेळ घेतील. मुख्य म्हणजे पहिला मे महिना त्या अंड्यावर नसताना निघून जाईल. नोंदणी आधीच करावी लागते, डिसेंबरात फोन करून पिल्लं मिळत नाहीत.

*पिल्लं थेट बाईच्या हातात देऊ नका*
बहुतेक दानाच्या कोंबड्या इथंच मरतात. दिवसाच्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात ३५ अंश ऊब लागते, पुढं दर आठवड्याला तीनेक अंश कमी करायची. म्हणून सगळी २०० पिल्लं आधी एका जागी, एका अनुभवी सभासदाकडं वाढवा. केंद्राच्या परसबाग कुक्कुटपालन योजनेतही हीच पद्धत आहे, तिला मदर युनिट म्हणतात. १० बाय २० फुटांचा रिकामा गोठा पुरतो. खाली भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा. पिल्लं बल्बखाली ढीग करून बसली तर थंडी वाजते, लांब पळून चोच उघडी टाकली तर उकडतंय. थर्मामीटरपेक्षा पिल्लं बघा. रात्री लाईट जाते हे आपल्याला सांगायला नको, शेगडी तयार ठेवा. पण धूर बाहेर जायला वाट हवी.

दुसरं कारण लसीचं. मरेकची लस हॅचरीतून घेतलेलीच पिल्लं आणा. मग ५ ते ७ व्या दिवशी लासोटा, १२ ते १४ व्या दिवशी गंबोरो, २८ व्या दिवशी पुन्हा लासोटा, सहाव्या आठवड्यात देवी, आठव्या-नवव्या आठवड्यात आर-टू-बी चं इंजेक्शन. लसीची बाटली १०० किंवा जास्त डोसची येते, बर्फात आणावी लागते आणि फोडली की लगेच संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी कोण आणणार? नऊ घरं नऊ वेळा विसरणार. राणीखेत म्हणजे मानमोडी आली की परस एका आठवड्यात रिकामं होतं. सगळ्या लसी पुऱ्या करून दहाव्या आठवड्यात कोंबडी द्या, अंधार पडल्यावर, जाळीच्या क्रेटमधून.

*खर्च* (आजच्या अंदाजानं, दर तपासून घ्या): पिल्लं ७,०००, दहा आठवड्यांचं खाद्य २२,८००, लस-तूस-लाईट ४,०००. एकूण ३३,८००. ९० कोंबडे २०० रुपयांनी विकले तर १८,००० परत. निव्वळ १५,८००. वर नऊ खुराडी २,५०० प्रमाणं २२,५००. म्हणजे सुरुवातीला ४० हजारांच्या आत. पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात तलंगा गटाची (२५ माद्या, ३ नर) निम्म्या अनुदानाची योजना असते, तीही विचारा. तलंगा बाहेरून मिळाल्या तर मदर युनिटचा व्याप वाचेल.

*उन्हाळा*
सोलापूरचा मे. पारा ४३-४४ ला जातो आणि बुटकं पत्र्याचं खुराडं म्हणजे तंदूर. पत्रा टाकायचाच असेल तर वरून उसाचं पाचट किंवा कडब्याच्या पेंढ्या टाका, दुपारी पाणी शिंपडा. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा म्हणजे ऊन आत शिरत नाही. जागा कोंबडीला दोन चौरस फूट, तीही फक्त रात्रीसाठी. दिवसा लिंबाची सावली हजार रुपयांच्या पंख्यापेक्षा चांगली. दाणा सकाळी लवकर आणि संध्याकाळी, ११ ते ४ काही घालू नका, पचनाची उष्णता वाढते. पाणी मातीच्या भांड्यात, दुपारी बदललेलं. जाळी बारीक हवी, मुंगूस दीड बोटाच्या फटीतून येतं.

*धान्य दान करणाऱ्यांना हात जोडून विनंती*
ज्वारी, मका जरूर द्या. पण पावसात भिजलेली, काळी पडलेली, बुरशी आलेली देऊ नका. जे विकलं जात नाही ते दानात, ही आपली जुनी खोड. बुरशीच्या विषानं कोंबडीचं लिव्हर जातं, अंडी बंद होतात. शेंगदाणा पेंडीचंही तसंच. शिंपल्याचा चुरा अठराव्या आठवड्यानंतर सुरू करा, आधी नको.

*तलाव*
हिवाळ्यात होटगी तलावावर लांबचे पक्षी उतरतात. बघायला छान, पण काठालगतच्या घरांनी त्या महिन्यांत कोंबड्या पाण्याकडं सोडू नयेत. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. एकाच वेळी जास्त कोंबड्या मेल्या तर उकिरड्यावर फेकू नका, विकूही नका. आधी पशुवैद्यकीय दवाखान्याला फोन.

शाळेत अंडी सोमवारी जाणार असतील तर त्याच आठवड्यातलीच द्यायची, तडकलेलं घरीच ठेवायचं. धुऊन साठवू नका, लवकर खराब होतात. आणि ज्या घरांत अंडं चालत नाही त्या पोरांच्या केळ्याचे पैसे ठरावात आधीच धरा. होटगीत अशी घरं बरीच आहेत, त्यांना विचारून घेतलं तर हे काम सगळ्या गावाचं होईल.

आता कामाचं. मदर युनिटसाठी जागा आणि दहा आठवड्यांचा वेळ कोण देऊ शकतो, त्यांनी येत्या रविवारपर्यंत गटप्रमुखाला नाव कळवावं. आधी पिल्लं वाढवलेल्यांना प्राधान्य. असा माणूस मिळाला नाही तर यंदा ठराव मांडायचा नाही, असं आमचं मत आहे. नऊ घरांची यादी सभेत वाचायची नाही. शाळेच्या बाई आणि अंगणवाडी सेविकेशी बोलून ती ठरवू.