मुंबईत एक दिवस हाताशी असेल तर

रात्री परभणीत देवगिरीत बसलं की सकाळी सीएसएमटी. इंटरव्ह्यू, परीक्षा, काही तरी काम असतंच. ते उरकल्यावर परतीची गाडी रात्रीची. मधल्या वेळात काय करायचं?

मी पहिल्यांदा जहांगीर आर्ट गॅलरीच्या दारातूनच माघारी फिरलो होतो. वाटलं, हे आपल्यासाठी नाही. नंतर कळलं, तिथं तिकीटच नाही! १९५२ पासून चालू आहे. सरळ आत जायचं, चित्रं बघायची.

शेजारी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. इमारत १९१४ ला झाली, पण महायुद्धात तिथं लष्करी दवाखाना होता, म्हणून लोकांसाठी उघडायला १९२२ उजाडलं. इथं तिकीट आहे. सगळं बघायच्या नादात पाय मोडतील. तळमजल्यावरची शिल्पं तेवढी निवांत बघा. आपल्या चारठाण्याची मंदिरं पाहिली असतील तर हे दगड अगदीच परके वाटत नाहीत.

मग लोकल पकडून दादर. पूर्वेला हिंदू कॉलनीत राजगृह. बाबासाहेबांनी पुस्तकं मावावीत असं हे घर बांधलं. त्याच कॉलनीतली त्यांची दुसरी इमारत, चारमिनार, १९४१ ला विकली ती कर्ज फेडायला आणि पुस्तकं घ्यायला! तळमजल्यावरच्या खोल्या बघता येतात. वर कुटुंब राहतं, म्हणून आवाज हळू ठेवा.

आणि हो, भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असतं. निघण्याआधी वेळा मोबाईलवर बघूनच घ्या.