हापूसच्या शेजारचं हिमयुग

रत्नागिरी म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? हापूस, गणपतीपुळे, आरे-वारेचा रस्ता आणि परतताना डिकीत आंब्याची पेटी. बरोबर ना? मी मात्र आज तुम्हाला सड्यावर नेणार आहे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार. उन्हाळ्यात तव्यासारखं तापणारं, पावसात डबक्यांनी भरणारं. इथले माझे हीरो म्हणजे चतुर. हो, तेच, हेलिकॉप्टरसारखे!

एक भटक्या, एक घरकोंबडा

पहिला ‘वाँडरिंग ग्लायडर’. पावसाच्या डबक्यात वाढणार आणि पाऊस संपला की निघणार. थेट मालदीव आणि पुढे पूर्व आफ्रिका! चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने २००९ मध्ये हा मार्ग मांडला. २०१६ च्या एका अभ्यासात भारत, जपान, अमेरिका अशा ठिकाणच्या ग्लायडर्सचे डीएनए तपासले, तर फरक फारच थोडा. सतत फिरणाऱ्यांचे जीन्स मिसळत राहतात, इतकं सोपं आहे ते.

दुसरा ‘ब्रॅडिनोपायगा कोंकनेन्सिस’. खडकावर बसला की दिसतच नाही, इतका मॅचिंग. शंतनु जोशी आणि दत्तप्रसाद सावंत यांनी कोकणातल्या सड्यांवरून २०२० मध्ये ही नवी जात जगासमोर आणली. नावातच कोकण!

हवामानाचा हिशोब

आता थोडं मागे जाऊ. साधारण वीस हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होतं. समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली, म्हणजे किनारा खूप लांब. मान्सूनही कमजोर. पुढे पाऊस पुन्हा जोर धरू लागला. अशा उलथापालथीत कीटकांचं काय होतं? पाणी आणि झाडी जिथे टिकते, तिथेच ते तग धरतात. बाकीचे संपतात, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे जीन्सही.

युरोपात हे छान दिसलं. गॉडफ्रे ह्युइट या शास्त्रज्ञाने नाकतोड्यांचे डीएनए अभ्यासले. हिमयुगात ते स्पेन, इटली, बाल्कन अशा दक्षिणेकडच्या आसऱ्यांना टिकले होते. बर्फ वितळल्यावर थोडेच उत्तरेला सरकले. म्हणून दक्षिणेत विविधता भरपूर, उत्तरेत कमी. हजारो वर्षांचा हवामानाचा हिशोब, जीन्समध्ये लिहिलेला!

आपल्या सह्याद्रीची गोष्ट तर आणखी जुनी. जाह्नवी जोशी आणि प्रवीण कारंथ यांनी २०१३ मध्ये गोमींचा अभ्यास मांडला. (गोम कीटक नव्हे, पण नातलग.) सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखींनी दख्खन लाव्ह्याखाली गाडलं, तेव्हा गोमींना आसरा मिळाला दक्षिण सह्याद्रीत. तिथून त्या पुन्हा उत्तरेकडे पसरल्याच्या खुणा डीएनएत सापडल्या. रत्नागिरीच्या जांभ्याखालचा काळा दगड हा त्याच लाव्ह्याचा, बरं का!

मग आपलं काय?

तुम्ही म्हणाल, चतुराच्या जीन्सचं टेन्शन मी का घेऊ? कारण ही विविधता म्हणजे कीटकांची एफडी आहे. पाऊस बदलला, उकाडा वाढला, तर त्यातल्याच कुणाकडे तरी तगून राहायचा गुण निघतो. एफडी मोडली की पुढच्या संकटाला खिसा रिकामा. आणि ती पुन्हा भरायला हजारो वर्षं लागतात.

सरकारी भाषेत मात्र सडा म्हणजे पडीक जमीन. चिरेखाणी तो कापतात. कातळ फोडून, माती भरून हापूसची कलमं लावली जातात. म्हणजे आपली लाडकी पेटीही यात थोडीफार आहेच! भटक्या ग्लायडर दुसरं डबकं शोधेल. घरकोंबड्याने कुठे जायचं?

हापूस सोडा असं मी म्हणणार नाही, मला स्वतःला जमणार नाही. पण पुढचा वीकेण्ड जूनऐवजी ऑगस्टमध्ये प्लॅन करा. कशेळीचं हत्तीचं कातळशिल्प बघा, शेजारच्या डबक्यापाशी दहा मिनिटं नुसते उभे राहा. आणि कुणी सड्याला ‘इथे काहीच नाही’ म्हणालं, तर त्याला चतुर दाखवा.