होडीतलं तीन दिवसांचं बिऱ्हाड

"आठ वर्षांच्या पोराला सासूबाईंच्या गळ्यात टाकून तू माकडं बघायला निघालीस?" शेजारच्या वहिनींनी विचारलं आणि माझ्या पोटात खड्डाच पडला. खरं सांगते मैत्रिणींनो, तोवर मी त्याला एक रात्रही सोडून राहिले नव्हते. अजून माझ्या कुशीत झोपायचा. पण माझा भाऊ नोकरीनिमित्त जकार्ताला असतो, त्याचं बोलावणं तीन वर्षं टाळलेलं, आणि तिघांच्या तिकिटांचे पैसे काही जमेनात. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "दोघं जाऊन या. मी आहे ना!"

जकार्ताहून विमानाने पांगकालान बून आणि तिथून मोटारीने कुमाई बंदर. बोर्निओ बेटाचा हा भाग इंडोनेशियाचा, त्याला कालीमंतान म्हणतात. धक्क्यावर आमचं घर उभंच होतं: 'क्लोतोक', दुमजली लाकडी होडी. इंजिनाच्या क्लोतोक-क्लोतोक आवाजावरून हे नाव पडलंय. वर आमची ऊठबस, खाली इंजिन आणि स्वयंपाकघर. रात्री वरच गाद्या घालून मच्छरदाण्या बांधल्या की झाली झोपायची खोली! होडीवरच्या स्वयंपाकीणबाईंनी पहिल्याच दुपारी केळ्याची भजी तळली, अगदी आपल्यासारखी. तेल कुठलं म्हणून विचारलं तर पामतेल. ह्या तेलाची गोष्ट पुढे येणार आहे.

सेकोन्येर नदीतून होडी आत शिरली. सुरुवातीला दोन्ही काठांना नारळासारख्या झावळ्यांची निपाची झाडी, मग उंच रान. एका काठाला तांजुंग पुतिंग राष्ट्रीय उद्यान, चार हजार चौरस किलोमीटरांहून थोडं मोठंच. संध्याकाळी काठच्या झाडांवर लांब नाकाची माकडं झोपायला आली. आमच्या ह्यांना त्यांच्यात आपले जुने साहेब दिसले! दुसऱ्या दिवशी उपनदीत वळलो तर पाणी कोऱ्या चहासारखं काळं. कुजलेल्या पाल्याच्या दलदलीतून झिरपून येतं ना, म्हणून. दिसायला शांत, पण मगरी असतात, तेव्हा हातसुद्धा बुडवायचा नाही.

हा रस्ता कॅम्प लीकीला जातो. 1971 साली बिरुटे गाल्डिकास ही पंचविशीतली बाई ओरांगउटानांचा अभ्यास करायला इथे आली आणि आपल्या गुरूंच्या, लुई लीकींच्या नावाने तिने हा तळ उभारला. मलाय भाषेत 'ओरांग' म्हणजे माणूस, 'हुतान' म्हणजे रान. आपण वनमानुष म्हणतो, अगदी तोच शब्द!

रानात एका लाकडी माच्यावर केळी ठेवतात. इथे येणारे बरेचसे ओरांगउटान माणसांच्या पिंजऱ्यांतून सोडवून आणलेले किंवा त्यांची पोरंबाळं. राहतात मोकळे, रानात फळं कमी झाली की इकडे वळतात. आम्ही दोरीअलीकडे गप्प बसलो. वरच्या फांद्या हलल्या आणि तांबूस केसांची एक आई सावकाश उतरली. पोटाला पिल्लू घट्ट चिकटलेलं. तिने केळं सोललं, चावलं, आणि पिल्लाने तिच्या तोंडातलाच घास ओढून घेतला. तिने काही म्हणून केलं नाही. माझे डोळे भरून आले हो!

वाटाड्याने सांगितलं, ही आई एका पिल्लामागे सात-आठ वर्षं घालवते. बापाचा काही हातभार नाही. कुठलं फळ कधी पिकतं, कुठली फांदी भार सोसते, झोपायला रोज नवं घरटं कसं बांधायचं, हे सगळं पिल्लू तिच्याजवळ राहून शिकतं. तान्हेपण सरलं की तिच्या शेजारी आपलं वेडंवाकडं घरटं बांधायला लागतं. पण पिल्लू पकडायचं तर बहुधा आधी आईला मारतात. मग पोरक्या पिल्लाला झाडावर चढण्यापासूनचे धडे माणसांनी द्यायचे. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. त्या मास्तरकीपुढे माझी काहीच नाही.

त्या रात्री झोप लागेना. फोनला रेंज नव्हती. पोरगं झोपलं असेल का, हेच डोक्यात.

परतताना पांगकालान बूनच्या वाटेवर पामची झाडं पाहिली, ओळीने, एकसारखी. कालीमंतानात अशा मळ्यांसाठी कितीतरी रान तोडलं गेलंय. 2015 साली तर पाणी काढून सुकवलेली दलदलीची जमीन महिनोन् महिने धुमसत होती. आणि पामतेल परदेशातून सर्वांत जास्त घेणारा देश कुठला? आपलाच! घरी आल्यावर चष्मा लावून डबे तपासले. बिस्किटं, फरसाण, वनस्पती तूप, कुठे ना कुठे 'पामोलीन' होतंच. हे तेल एकदम टाकून द्या असं मी म्हणणार नाही. तेवढ्याच जमिनीत बाकीच्या तेलबियांपेक्षा पामचं तेल जास्त निघतं, आणि गरिबाच्या कढईला तेच परवडतं. पण बारीक अक्षरं वाचायला काय हरकत आहे? मी विकतचं फरसाण कमी केलंय, चिवडा घरीच करते.

कुणाला जायचं असेल तर मे ते सप्टेंबर पाऊस कमी असतो. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, डास पळवणारं मलम आणि रेनकोट हवाच. पिशवीत खाऊ ठेवून वनमानुषांजवळ जाऊ नका, आणि त्यांना हात तर मुळीच लावू नका. आपला सर्दी-खोकला त्यांना होतो.

घरी पोचलो तर चिरंजीव दारातच. "आई, मी एकटा झोपलो. अंथरूण पण मीच घातलं. आजीने फक्त मच्छरदाणी खोचली." आत जाऊन पाहिलं. चादर वाकडी, उशी उलटी. मी ती सरळ केली नाही.