ऑर्वेल, हक्सली की ॲटवुड? जर्मनीत राहून डिस्टोपिया वाचताना

डिस्टोपियन कादंबऱ्यांचा विषय निघाला की वाद ठरलेला असतो: ऑर्वेल खरा ठरला की हक्सली? एकजण म्हणतो, बघ, जिकडे तिकडे कॅमेरे. दुसरा म्हणतो, कॅमेरे कशाला हवेत, लोक स्वतःहूनच सगळं सांगतायत. मग चहा थंड होतो आणि वाद तिथेच राहतो.

युटोपिया म्हणजे आपल्याकडचं रामराज्य, आणि डिस्टोपिया म्हणजे त्याची उलटी बाजू. अशी कादंबरी किती वास्तववादी आहे हे तपासायचं, तर तिला तीन प्रश्न विचारून पाहा. सत्ता कोणाच्या हातात आहे? ती कशाच्या जोरावर चालते? आणि लोक ती का सहन करतात? तुम्ही जर्मनीत राहत असाल तर उत्तरं शोधायला लांब जायला नको. या देशाने गेल्या शंभर वर्षांत यातले बरेच प्रयोग स्वतःवर करून पाहिले आहेत.

टेहळणी: यंत्रांची की माणसांची?

सुरुवात झाम्यातिनपासून करू. हा रशियन लेखक पेशाने जहाजं बांधणारा इंजिनिअर. त्याची 'आम्ही' ही कादंबरी १९२०-२१ ची. तिच्यात माणसांना नावं नाहीत, क्रमांक आहेत, आणि घरं काचेची आहेत. ऑर्वेलने ती वाचली होती आणि १९४६ मध्ये तिच्यावर लेखही लिहिला होता. तीन वर्षांनी, १९४९ मध्ये, त्याची स्वतःची '१९८४' आली. तिच्यात काचेच्या भिंतीची जागा टेलिस्क्रीनने घेतली.

याच्या सर्वांत जवळ पोचलं ते पूर्व जर्मनीचं स्टासी, म्हणजे तिथलं गुप्तचर खातं. '१९८४' वर तिथे बंदी होती आणि ती बाळगल्याबद्दल लोक तुरुंगातही गेले. १९८९ मध्ये स्टासीकडे सुमारे ९१ हजार पगारी कर्मचारी आणि सुमारे १ लाख ८९ हजार खबरे होते. लोकसंख्या १ कोटी ६० लाखांच्या वर. म्हणजे साधारण साठ माणसांमागे एक. मागे राहिलेल्या कागदपत्रांची रांग लावली तर ती १११ किलोमीटर भरते, मुंबईहून निघून लोणावळ्याच्या पुढे जाईल इतकी.

इथे ऑर्वेलचा एक अंदाज चुकला. त्याने यंत्राची कल्पना केली होती. स्टासीकडे माइक होते, वाफेने पाकिटं उघडायची सोय होती, पण खरा कणा होता माणसांचा: ऑफिसातला सहकारी, शेजारी, कधी कधी नवरासुद्धा. १९९२ पासून लोकांना स्वतःची फाइल वाचता येऊ लागली, तेव्हा अनेकांना धक्का बसला तो आपल्याबद्दल लिहिणाऱ्याचं नाव कळल्यावर.

दुसरा अंदाज त्याहून महत्त्वाचा. '१९८४' मधली सत्ता कधी संपेल असं वाटतच नाही. पूर्व जर्मनी मात्र चाळीस वर्षं टिकला. सगळी माहिती गोळा करूनही ९ ऑक्टोबर १९८९ ला लाइपझिगच्या रस्त्यावर उतरलेल्या सुमारे ७० हजार लोकांचं काय करायचं, हे त्या फायलींतून सापडलं नाही.

पुस्तकं कोणी जाळली?

ब्रॅडबरीच्या 'फॅरेनहाइट ४५१' (१९५३) मध्ये पुस्तकं जाळायला सरकारी फायरमन येतात. बर्लिनला गेलात तर बेबेलप्लात्झ या चौकात जमिनीत एक काच बसवलेली दिसेल. खाली पांढरी, रिकामी कपाटं आहेत, सुमारे २० हजार पुस्तकं मावतील एवढी. १० मे १९३३ ला इथे पुस्तकांची होळी झाली. त्यात पुढाकार होता विद्यार्थी संघटनेचा. विद्यापीठात शिकणारी, तुमच्या-माझ्यासारखी मुलं-मुली.

ब्रॅडबरीलाही हे उमगलं होतं. त्याच्या कादंबरीत लोक आधी वाचायचं सोडतात, सरकारी आग नंतर येते. माझ्या मते या सगळ्या पुस्तकांमधलं हे सर्वांत न चुकलेलं निरीक्षण आहे: बऱ्याचदा वरून हुकूम यायच्या आधीच खालची तयारी झालेली असते.

सुखाची गोळी

हक्सलीच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' (१९३२) मध्ये कोणी कोणाला मारहाण करत नाही. बाटलीत जन्माला घातलेली, आपापल्या जातीत समाधानी असलेली माणसं, आणि उदास वाटलंच तर 'सोमा' नावाची गोळी. हक्सलीने ईटन शाळेत ऑर्वेलला काही काळ फ्रेंच शिकवलं होतं. '१९८४' वाचल्यावर त्याने आपल्या या जुन्या विद्यार्थ्याला पत्र लिहिलं. सार असं: पुस्तक उत्तम आहे, पण राज्यकर्त्यांना लाथा-बुक्क्यांपेक्षा स्वस्त मार्ग सापडेल, लोकांना गुलामी आवडायला लावण्याचा.

फोनकडे बघताना हक्सलीच बरोबर वाटतो, हे कबूल. पण जर्मनी इथेही थोडा आडवा येतो. २०१० मध्ये गूगल स्ट्रीट व्ह्यू आलं तेव्हा सुमारे २ लाख ४४ हजार अर्ज आले की आमचं घर धूसर करा. तुम्हाला ते हास्यास्पद वाटलं असेल. मलाही इथे नवीन असताना वाटायचं. पण त्यामागे एक आठवण आहे, आणि एक कोर्टाचा निकालही.

कादंबरीत नसलेली गोष्ट

१९८३ मध्ये पश्चिम जर्मनीत जनगणना होणार होती. ऑर्वेलचं साल तोंडावर आलेलं, त्यामुळे लोकांच्या मनात ती कादंबरी होतीच. बहिष्काराची हाक दिली गेली, लोक कोर्टात गेले. एप्रिलमध्ये घटनात्मक न्यायालयाने जनगणना थांबवली आणि १५ डिसेंबर १९८३ ला निकाल दिला. जनगणना करा, पण त्या फॉर्मवरची माहिती नोंदणी कार्यालयाच्या यादीशी जुळवून बघता येणार नाही. आपल्याबद्दलची माहिती कोणी, कशासाठी वापरायची हे ठरवण्याचा हक्क मूलतः माणसाचा स्वतःचा आहे. कारण, कोर्ट म्हणालं, आपली नोंद होतेय की नाही हे ज्याला माहीत नाही, तो सभेला जायचंच टाळतो. म्हणजे माहितीचा गैरवापर व्हायच्या आधीच तिचा परिणाम झालेला असतो. शेवटी जनगणना झाली ती १९८७ मध्ये.

या कादंबऱ्यांमध्ये नागरिकाला दाद मागायला जागाच नसते. वास्तवात ती असू शकते, आणि ती आहे की नाही यावरच पुढचं सगळं ठरतं.

हे तुम्हाला का सांगतोय? तुम्ही इथे परदेशी पासपोर्टवर तीन महिन्यांहून जास्त राहत असाल, तर तुमची माहिती परदेशी नागरिकांच्या केंद्रीय रजिस्टरमध्ये असते. ते १९५३ पासून आहे. जर्मन नागरिकांसाठी असं एकच मध्यवर्ती रजिस्टर नाही. त्यांच्या पत्त्यांच्या नोंदी गावोगावच्या कार्यालयांत असतात. एका ऑस्ट्रियन नागरिकाने या फरकाविरुद्ध दाद मागितली. २००८ मध्ये युरोपीय न्यायालयाने ठरवलं की गुन्हे तपासण्यासाठी फक्त परदेशी युरोपीय नागरिकांची अशी यादी वापरणं हा भेदभाव आहे. हा निकाल युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी होता. तुमचा पासपोर्ट भारतीय असेल तर तो तुम्हाला लागू होत नाही.

यात काही भयंकर शिजतंय असं मला म्हणायचं नाही. पण डिस्टोपिया सगळ्यांवर एकाच दिवशी येत नाही. ज्यांना मत नाही, ज्यांचा व्हिसा दर दोन वर्षांनी संपतो, त्यांच्यापर्यंत तो आधी पोचतो.

मग कोण खरं ठरलं?

मार्गारेट ॲटवुडने 'द हॅण्डमेड्स टेल' (१९८५) लिहायला सुरुवात केली ती १९८४ मध्ये, पश्चिम बर्लिनमध्ये, भिंत उभी असताना. तिने स्वतःला एक नियम घातला होता: माणसाने इतिहासात कुठेतरी, कधीतरी केलेलं नाही असं काहीही पुस्तकात घालायचं नाही.

मला वाटतं हीच किल्ली आहे. या कादंबऱ्यांना भविष्यवाणी समजून गुण देण्यात अर्थ नाही. त्या घडून गेलेल्या गोष्टींचे तुकडे जोडून बनल्या आहेत. म्हणून विचारायचं ते असं: यातला कोणता तुकडा आज माझ्या आसपास आहे, आणि तो थांबवायचा हक्क कोणाकडे आहे?

सुरुवात छोटी करता येईल. त्या केंद्रीय रजिस्टरमध्ये स्वतःबद्दल काय लिहिलंय, ते अर्ज करून मागवता येतं. '१९८४' मधल्या विन्स्टनला असा फॉर्म कधीच मिळाला नसता. तुम्हाला मिळतो. एकदा भरून बघा.