डोकेदुखीची गोळी आणि शरीरातली भांग

चंडीगढच्या आखीव-रेखीव सेक्टरांमध्ये पडीक जागा दिसली, की तिथे बहुधा उगवलेली असते भांग. कुणी पेरत नाही, कुणी पाणी घालत नाही, तरी ती ओढ्याकाठी माजते. शेजारच्याच घरात डोके ठणकू लागले, की हात जातो पॅरासिटामोलच्या गोळीकडे. या दोन गोष्टींचा काही संबंध असेल, असे कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. पण तो आहे आणि तो जुळतो आपल्याच मेंदूत.

भांगेची नशा चढवणारे द्रव्य पकडून ठेवणारी खास कुलपे मेंदूतील पेशींवर असतात. त्यातल्या पहिल्या कुलपाची रचना १९९० मध्ये उलगडली. आता निसर्गाने माणसाच्या डोक्यात ही कुलपे काय भांगेसाठी बसवली? किल्लीही शरीरातच असणार, हे उघड होते. जेरुसलेममध्ये राफाएल मेशुलाम यांच्या प्रयोगशाळेत विल्यम डेव्हेन आणि लुमीर हानुश यांनी १९९२ मध्ये डुकराच्या मेंदूतून ती वेगळी काढली. नाव ठेवले 'आनंदामाइड', आपल्या संस्कृतातल्या 'आनंद' शब्दावरून! वेदना, भूक आणि मन:स्थिती यांचा तोल सांभाळण्यात या द्रव्याचा वाटा असतो.

आता गोळीकडे वळू. पॅरासिटामोलचा थोडा भाग शरीरात बदलून मेंदूत पोहोचतो आणि तिथे एका स्निग्धाम्लाशी जोडला जातो. गंमत अशी, की ही जोडणी करणारे विकर तेच, ज्याचे रोजचे काम आनंदामाइड मोडण्याचे! तयार होणाऱ्या या द्रव्याला 'एएम ४०४' म्हणतात. स्वीडनमधील लुंडच्या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये हे दाखवून दिले. हे द्रव्य आनंदामाइडला पेशींत लवकर ओढले जाऊ देत नाही. भांगेचे कुलूपच नसलेल्या उंदरांवर प्रयोग झाले, तेव्हा पॅरासिटामोलने त्यांची वेदना कमी झाली नाही. २०२५ मध्ये जेरुसलेमहूनच आणखी एक गोष्ट पुढे आली. एएम ४०४ वेदनेच्या नसांमध्येही तयार होते आणि संदेश तिथेच अडवते.

आयब्युप्रोफेनची तऱ्हा वेगळी. सूज आणणाऱ्या विकराला ते रोखते. पण तेच विकर आनंदामाइडही नष्ट करत असल्याने त्याचे आयुष्य थोडे वाढत असावे, असे प्रयोगशाळेतील पुरावे सुचवतात.

मग गोळी घेऊन कुणी झिंगत का नाही? कारण हा परिणाम फार सौम्य असतो. पण म्हणून चार गोळ्या जास्त घेतल्या तर आराम चौपट मिळेल, हा हिशेब जिवावर बेतू शकतो. निरोगी प्रौढाची २४ तासांची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या. दारू पिणाऱ्यांनी किंवा यकृताचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याच्या जवळपासही जाऊ नये. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामोल असते, हे वेष्टन न वाचणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही. मात्रा जास्त झाली, तरी पहिल्या दिवशी फारसा त्रास जाणवत नाही, मळमळ होते एवढेच. यकृत मात्र आतून खराब होत असते. यावर ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे. तो पहिल्या ८ तासांत मिळाला तर सर्वाधिक गुण येतो. म्हणून त्रासाची वाट न पाहता, गोळीचे पाकीट बरोबर घेऊन रुग्णाला लगेच इस्पितळात न्यावे.