गुरुवार, पहाटे साडेपाच

पश्चिमेचा वारा असला की दिल्लीत पालमला उतरणारी विमानं पूर्वेकडून येतात. मयूर विहारच्या दक्षिणेला, ओखल्याच्या खालच्या अंगाला यमुना ओलांडून ती एकामागोमाग इंदिरा गांधी विमानतळाकडे झुकतात. वारा फिरला की सगळा क्रम उलटतो आणि विमानं द्वारकेच्या बाजूनं उतरू लागतात. कुठल्या बिंदूवर किती उंची राखायची, धावपट्टी दिसली नाही तर कुठे वळायचं, कुठल्या उंचीखाली अजिबात यायचं नाही, हे सारं आधीच ठरलेलं असतं आणि वैमानिकापुढच्या चार्टवर मांडलेलं असतं. पूर्वी हे चार्ट जाडजूड बाइंडरमध्ये लावलेले असत. जुनी पानं काढून नवी घालणं हे एक किचकट कामच होतं. आता ते टॅबलेटवर येतात. त्यामुळे शिळ्या नकाशाचा प्रश्न मिटला, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. नवा चार्ट हाती पडणं आणि त्यात काय बदललं ते कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली तंत्रज्ञानानं सोपी केली. दुसरी अजूनही संस्थांच्या शिस्तीवर अवलंबून आहे.

चार्टचं मूळ सरकारी असतं. आपल्याकडे भारतीय विमानतळ प्राधिकरण हवाई मार्ग, धावपट्ट्या आणि दिशादर्शक यंत्रणांची अधिकृत माहिती प्रसिद्ध करतं, आणि ती इंटरनेटवर कुणालाही पाहता येते. विमान कंपन्या मात्र बहुधा जेपसनसारख्या खासगी कंपनीचे चार्ट विकत घेतात, कारण विमानतळ दिल्लीचा असो वा फ्रँकफर्टचा, खुणा आणि मांडणी एकसारखी मिळते. एल्रे जेपसन या अमेरिकी वैमानिकानं १९३४ साली स्वतःच्या टिपणवहीतून हा व्यवसाय उभा केला. आज तीच माहिती सरकार, चार्ट कंपनी, विमान कंपनी आणि वैमानिक अशी हातोहात जाते. प्रत्येकानं आपल्या सवडीनं बदल केला तर एकाच आकाशात दोन वेगळे नकाशे वापरले जातील. म्हणून १९६० च्या दशकात एअरॅक ही पद्धत आली: ठरवून करायचे महत्त्वाचे बदल दर २८ दिवसांनी, गुरुवारीच, जगभर एकदम लागू होतात. ते लागू होण्याची वेळ म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची मध्यरात्र; ती भारतात पहाटे साडेपाचला येते. बदलाची माहिती वापरणाऱ्याच्या हाती किमान २८ दिवस आधी पडली पाहिजे आणि मोठा बदल ५६ दिवस आधी प्रसिद्ध व्हावा, अशी अपेक्षा असते. ही मुदत किती मोलाची आहे ते दिल्लीतच दिसतं. जुलै २०२३ मध्ये इथे चौथी धावपट्टी सुरू झाली. ती जुन्या ११/२९ ला समांतर असल्यामुळे जुन्या धावपट्टीलाही नवं नाव घ्यावं लागलं आणि ती ११ उजवी / २९ डावी झाली. डांबर तेच, जागा तीच. पण जुन्या चार्टवर विसंबणाऱ्याला नियंत्रकाच्या सूचनेतली ‘डावी’ कुठली, हे कळणार नाही.

यावर पहिला आक्षेप असा की शेवटी जबाबदारी वैमानिकाची. चार्ट नीट वाचणं हे त्याचं कामच आहे. त्यात तथ्य आहे. ७ जुलै १९६२ रोजी सिडनीहून रोमला निघालेलं अलितालियाचं विमान मुंबईला उतरण्याआधीच जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं आणि ९४ जणांचा बळी गेला. आपण मुंबईच्या जवळ आलो आहोत या चुकीच्या समजुतीतून वैमानिकानं वेळेआधी उंची सोडली, किमान सुरक्षित उंची पाळली नाही आणि त्याला या भूभागाची ओळख नव्हती, असं चौकशीत निघालं. पण अनोळखी मुलखात येणाऱ्याच्या हाती भूभागाची ओळख म्हणून चार्टच असतो, आणि तो जितका स्पष्ट तितकी चूक अवघड होते. शिवाय काही चुका वैमानिकाच्या आवाक्याबाहेरच्या असतात. २८ नोव्हेंबर १९७९ रोजी एअर न्यूझीलंडचं विमान अंटार्क्टिकातल्या एरेबस पर्वतावर आदळून २५७ जण दगावले. उड्डाणाच्या आदल्या रात्री कंपनीनं संगणकातल्या मार्गाचा एक बिंदू दुरुस्त केला होता आणि वैमानिकांना ते सांगितलं नव्हतं. पहिल्या चौकशीनं वैमानिकाला दोष दिला. न्यायमूर्ती पीटर माहॉन यांच्या आयोगानं १९८१ मध्ये तो कंपनीच्या कारभारावर टाकला. इथे मार्ग सगळ्यात ताजा होता. घात झाला तो बदल न कळल्यामुळे.

दुसरा आक्षेप उपग्रहांचा. जीपीएस असताना चार्टची एवढी मातब्बरी कशाला? पण जीपीएस फक्त आपण कुठे आहोत ते सांगतं; जायचं कुठून, हे विमानातल्या संगणकाच्या माहितीसाठ्यातून येतं, आणि तो साठाही २८ दिवसांनी बदलावा लागतो. त्यातही उपग्रहाचा संकेत दर वेळी विश्वासार्ह असेलच असं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत धावपट्टी १० कडे उपग्रहाधारित पद्धतीनं उतरणाऱ्या काही विमानांना खोटे जीपीएस संकेत मिळाल्याचं सरकारनं संसदेत मान्य केलं. जमिनीवरच्या यंत्रणा असलेल्या इतर धावपट्ट्यांचं काम सुरळीत राहिलं. ऐनवेळी पर्यायी पद्धतीकडे वळायचं तर तिचा अचूक चार्ट हाताशी हवा.

तिसरा आक्षेप म्हणजे टॅबलेट सगळं पाहून घेईल. एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांचे आयपॅड ऐन निघायच्या वेळी बंद पडले, कारण वॉशिंग्टनच्या एका विमानतळाचा चार्ट साठ्यात दोनदा आला होता. डझनावारी उड्डाणं रखडली. दोघा वैमानिकांकडे दोन उपकरणं असली तरी दोन्हींत एकच सदोष फाइल असेल तर राखीव उपकरणाचा उपयोग काय? उलट माहितीचा महापूरही घातकच. अचानक झालेले बदल नोटॅम नावाच्या सूचनांतून कळवले जातात. पाकिस्ताननं एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली आणि ती बंदी महिन्यामहिन्यानं वाढवली, तीही अशाच सूचनांनी. पण महत्त्वाची सूचना किरकोळ सूचनांच्या ढिगात दबून जाते. जुलै २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला एअर कॅनडाचं विमान धावपट्टी समजून चार विमानं उभ्या असलेल्या टॅक्सीमार्गावर उतरू लागलं आणि अगदी शेवटी वर उचललं गेलं. शेजारची धावपट्टी बंद असल्याची सूचना वैमानिकांच्या कागदांत होती.

म्हणून तपासणीत टॅबलेटवरच्या चार्टची तारीख पाहून भागणार नाही. ठरवून करायचे बदल सरकारी यंत्रणेनं एअरॅकच्या मुदतीतच करावेत, घाईघाईच्या नोटॅमनं उरकू नयेत. विमान कंपनीनं त्या मार्गावर गेल्या खेपेपासून बदललेल्या मोजक्या गोष्टी उड्डाणाआधी वेगळ्या काढून द्याव्यात, आणि टॅबलेट बिघडला तर वापरायचा साठा खरोखर स्वतंत्र ठेवावा. यानं खर्च आणि काम वाढेल, हे उघड आहे. पण ते काम आज वैमानिकावर ढकललं जातं, तेही त्याला सगळ्यात कमी वेळ असतो तेव्हा. अपघाताच्या चौकशीत वैमानिकानं चार्ट पाहिला का, हे जरूर विचारावं. त्याआधी हे विचारावं: बदल कुणी केला, केव्हा केला आणि तो वैमानिकापर्यंत पोहोचल्याची खात्री कुणी करून घेतली?